मेलेल्या गाईला डॉक्टर कशाला?

बालमित्रांनो, मी एक जुनी संकरित गाय आहे. जुनी म्हणजे नऊ वर्षांची. कपाळावर पांढरी कोर आहे म्हणून माझे नाव चंद्री. शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईच्या बाहेर ज्योतिबाची वस्ती आहे, तिथल्या बाभळीखाली मी बसले आहे. गेल्या चार दिवसांत मला उठता आलेले नाही. पण ही काही माझी मुख्य अडचण नव्हे. मुख्य अडचण अशी की विमा कंपनीच्या कागदावर मी पाच महिन्यांपूर्वीच मेले आहे. त्या कागदावर तारीख आहे, मरणाचे कारण आहे, डॉक्टरांची सही आहे, गोल शिक्का आहे. माझ्याकडे नुसता श्वास आहे, आणि श्वासावर शिक्का मारायची सोय अजून निघालेली नाही.

माझा बाप मी पाहिला नाही. तो दवाखान्यातल्या रेतनाच्या एका कांडीतून आला. आई मात्र खरी होती, भरपूर दुधाची होती, आणि तिचाच दाखला देऊन मला बेल्ह्याच्या बाजारात पहिलारू गाभण असताना विकले. घेणारा ज्योतिबा. त्याने माझे दात पाहिले, कास चाचपली, शेपटी ओढली आणि दर पाडला. मग टेम्पोवाल्याने पोच करायचे दीडशे रुपये सांगितले. ज्योतिबा त्याच्याकडे असा पाहत राहिला, जणू त्याने दोन एकर जमीनच मागितली होती.

"दीडशे? आरं, तिला चार पाय हायत की! ते काय शोभेला दिल्यात?"

मग मी चालत आले. पोटात सात महिन्यांचे वासरू, पायाखाली तापलेला डांबरी रस्ता, दीड दिवस. वाचलेले दीडशे रुपये ज्योतिबाने पुढे वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितले. माझ्या खुरांबद्दल कुणी विचारले नाही, म्हणून मीही सांगितले नाही.

ज्योतिबा वाईट माणूस नव्हे. त्याचा जन्म मेंढरांमागे गेला. बापाचा वाडा शंभर मेंढरांचा होता. ज्योतिबाने तो विकून विहीर घेतली, लसूणघास लावला आणि गाई बांधल्या. पण हिशेब मात्र मेंढरांचाच राहिला. मेंढरू आजारी पडले तर डॉक्टर कोण बोलावतो? तो अभिमानाने सांगायचा, "बरं झालं तर कळपात, न्हाई झालं तर कालवणात." गाईच्या बाबतीत हा दुसरा मार्ग बंद आहे, हे त्याच्या ध्यानात आले, पण पहिल्या मार्गाला खर्च येतो, हे कधी पटले नाही.

पहिल्या वेताला मी दिवसाला चौदा लिटर दूध दिले. तेव्हा माझे फार कौतुक झाले. ज्योतिबाची बायको अनसाबाई सणाला माझ्या शिंगांना रंग लावायची. त्यांची मुलगी पूनम शाळेतून आली की आधी माझ्या गळ्याला खाजवायची, मग दप्तर टाकायची. दूध डेअरीचा सेक्रेटरी मच्छिंद्र आल्यागेल्याला मला दाखवायचा. कौतुक दर लिटरमागे मोजले जाते, हे मला बारा लिटरवर आल्यावर समजले.

मग डेअरीत विम्याची योजना आली. एका सभासदाला एकाच गाईचा विमा. निम्मा हप्ता सरकारचा, निम्मा आपला. गोठ्यात माझ्या शेजारी घरच्याच पैदाशीची गंगी होती. रंगाने माझ्यासारखीच काळीपांढरी, कपाळावर कोरही तशीच, फक्त वयाने थोरली. दूध माझे जास्त, म्हणून विमा माझा. डॉक्टरांनी डाव्या कानात पितळी बिल्ला चापाने दाबून बसवला. मी उडाले, तेव्हा अनसाबाई म्हणाली, "पूनमचं कान टोचलं तवा येवढा कालवा न्हवता झाला."

हप्ता भरताना ज्योतिबाचा जीव खालीवर होत होता.

"मच्छिंद्र, न मरताच पैसं द्यायचं?"

"व्हय आप्पा. विमा म्हंजी तेच."

"आन् गाय मेलीच न्हाई तर?"

"तर पैसं गेलं."

"मंग ह्यात फायदा कशात हाय?"

"मरण्यात!" मच्छिंद्र म्हणाला, आणि डेअरीच्या ओट्यावरची सगळी माणसे हसली. ज्योतिबाही हसला. पण संध्याकाळी दूध काढताना तो माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहत होता, असे मला वाटले.

फायदा झाला असता, पण मेली गंगी. एका सकाळी तिने ओला लसूणघास पोटभर खाल्ला आणि तिचे पोट नगाऱ्यासारखे फुगले. अनसाबाई म्हणाली, "अवं, डाक्टरला बलवा." ज्योतिबाने उत्तरात हिशेब सांगितला. व्हिजिटचे शंभर, पेट्रोलचे वेगळे, औषधे बाहेरून आणायची ती वेगळी, आणि वर चहा. "आमच्या आबानं शंभर मेंढरं तेलाच्या नळीवर जगिवली," असे म्हणून त्याने बांबूच्या नळीने गंगीच्या घशात गोडेतेल ओतले. मेंढराला पुरते तेवढे ओतले. दुपारपर्यंत गंगी पाय ताणून आडवी झाली.

अनसाबाई रडली. ज्योतिबा मात्र उकिडवा बसून कधी गंगीच्या रिकाम्या कानाकडे, तर कधी माझ्या बिल्ल्याच्या कानाकडे पाहत होता.

"जिचा विमा ती रवंथ करतीय, आन् बिनविम्याची मेली," तो म्हणाला. "माझं नशीबच असलं."

मच्छिंद्र सांत्वनाला आला होता. मयताला आलेला माणूस आधी डोक्यावरची टोपी काढतो, तशी त्यानेही काढली. मग हळूच म्हणाला, "आप्पा, कंपनी काय गाय बघाया येतीय व्हय? तिला कान लागतो. बिल्ल्यासकट कापलेला कान. कान कुठल्या गाईचा, ते काय त्याच्यावर लिवल्यालं नसतं."

मित्रांनो, मेंढपाळाला कान कापणे म्हणजे काय वाटते, तेही सांगते. प्रत्येक वाड्याची एक खूण असते. कुणी कानाचा शेंडा उडवतो, कुणी कडेला खाच पाडतो. कोकराचा कान कातरला की ते एकदा ओरडते आणि आईला प्यायला लागते. त्यामुळे ज्योतिबाच्या मनात क्रूरपणा असा काही नव्हता. त्याने लोकर कातरायची जुनी कातर आणली, मला बाभळीला आवळून बांधले, आणि बिल्ला बसेल एवढा माझा निम्मा कान उतरवला. कोकराच्या कानापेक्षा गाईचा कान जाड असतो. तीनदा कातर चालवावी लागली.

"हलू नगं गं बाई," तो समजुतीने म्हणाला, "तुझ्याच विम्याचं काम हाय."

आता डॉक्टरांचे पाहा. नियमाप्रमाणे त्यांनी यायचे, मेलेली गाय पाहायची, फाडून तपासायची आणि मग दाखला द्यायचा. पण त्या दिवशी त्यांना शिरूरला लग्नाला जायचे होते, आणि वस्तीचा रस्ता म्हणजे चार किलोमीटर खडी. त्यांनी डेअरीतच चहा घेतला, कान पाहिला, माझ्या विम्याच्या जुन्या फॉर्मवरून माझे वर्णन उतरवले: काळीपांढरी, कपाळावर कोर, उजव्या शिंगाचे टोक मोडलेले. खाली सही केली. वाचलेल्या पेट्रोलचे पैसे त्यांनी तरीही घेतले, आणि ज्योतिबाने तरीही कुरकुर केली.

गंगीला पुरले. नोंदीत मी गेले.

तिसऱ्या महिन्यात पैसे आले. त्यातून ज्योतिबाने जुनी एम-एटी दुचाकी घेतली. आता डेअरीत जायला पायपीट नाही. गाडीवर बसताना तो हँडलला नमस्कार करायचा. माझ्याकडे पाहायचा नाही.

मेल्यावरचे जगणे फार कष्टाचे असते. कानाच्या जखमेत अळ्या पडल्या. डॉक्टर बोलावता येत नव्हता, म्हणून ज्योतिबाने तंबाखू कोंबली. लाळ्याखुरकुताची लस द्यायला दवाखान्याची माणसे वस्तीवर आली, तेव्हा मला उसात नेऊन बांधले. अख्खा दिवस पाण्यावाचून. माझी मान वाकडी राहू लागली. पूनम रोज कोमट पाण्याने जखम धुवायची. एकदा तिने विचारले, "आप्पा, चंद्रीला कवातरी डाक्टरला दाखवायचंच न्हाई का?"

"मेलेल्या गाईला डाक्टर कशाला?" ज्योतिबा म्हणाला, आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसला. अनसाबाई हसली नाही. ती म्हणाली, "ती गाभण हाय. व्यायला झाली की काय करशीला?"

"मागं चार येळा येली ना? कुनाची फी दिली होती तवा?"

हे खरे होते. चारही वासरे मी बिनतक्रार दिली होती. माणसे तेवढ्यावरून गृहीत धरतात.

पाचव्या वेताला मी सकाळी अडले. वासराचे एक खूर बाहेर आले, दुसरे येईना. एक पाय आत मुडपला होता. सूर्य डोक्यावर आला तरी ज्योतिबा "व्हईल, व्हईल" म्हणत होता. मी पोटात त्या वासराची हालचाल मोजत होते. मला दुसरे काही नको होते. ते जिवंत बाहेर यावे, एवढेच हवे होते.

पूनमने कुणाला विचारले नाही. ती चपला न घालता पळाली आणि डेअरीवरून डॉक्टरांना त्यांच्याच मोटरसायकलच्या मागे बसून घेऊन आली. ज्योतिबाचा चेहरा राखेसारखा झाला. डॉक्टरांनी लांब हातमोजा चढवला, साबण मागितला, हात आत घातला आणि म्हणाले, "पाय दुमडलाय. वासरू जिवंत आहे. पंधरा मिनिटांचं काम आहे."

मित्रांनो, नऊ वर्षांत माणसाच्या तोंडून इतके गोड वाक्य मी ऐकले नव्हते.

हात बाहेर काढून ते बॅगेकडे वळले. वळताना त्यांची नजर माझ्या तोंडाकडे गेली. आधी कान. मग कपाळावरची कोर. मग उजव्या शिंगाचे मोडके टोक.

"ज्योतिबा, हिचा कान कुठाय?"

"कुत्र्यानं तोडला, सायेब."

"कुत्र्यानं? कातरीनं?"

मी कळ आली म्हणून हंबरले. डॉक्टर माझ्याजवळ उकिडवे बसले होते, ते उठले. हातमोजा सावकाश उतरवला. घाम पुसला. ते सुद्धा काही तरी मोजत होते. त्यांच्या मोजणीत नोकरी होती, चौकशी होती, पेन्शन होते.

"ही गाय मी पाहिली नाही," ते म्हणाले. "आणि मी इथं आलो नाही."

"पर सर," पूनम म्हणाली, "ती मरंल ना!"

"ती मेली आहे, बाळ. माझी सही आहे."

त्यांनी बॅग बंद केली. ज्योतिबा त्यांच्या मागे धावला. मला वाटले, पाया पडेल. तो म्हणाला, "सायेब, म्हंजी आता व्हिजिट फी न्हाई ना द्यायची?"

डॉक्टरांनी किक मारली. मोटरसायकलचा आवाज खडीवरून लांब जात राहिला, आणि मी ऐकत राहिले. पंधरा मिनिटे तिथेच पडून होती. कुणी उचलली नाहीत.

पुढचे काम नांगराच्या दोराने झाले. ज्योतिबा, मच्छिंद्र आणि शेजारचा पोपट, तिघांनी पाय लावून ओढले. मच्छिंद्र "हां, आन् एकदा!" असे ओरडत होता, जणू रुतलेली बैलगाडी काढायची होती. वासरू बाहेर आले तेव्हा ते पुरते निळे होते. कालवड होती. अनसाबाईने तिच्या नाकात फुंकर घातली, छाती चोळली, पुन्हा फुंकर घातली. पूनम मातीत बसून होती. ज्योतिबा म्हणाला, "कालवड व्हती. दोन वर्सांनी धा हजाराची झाली असती." एवढाच त्याचा शोक होता, पण होता. तो खोटा नव्हता.

त्या ओढाताणीत माझ्या मागच्या पायांची शीर दुखावली. मी बसले ती बसलेच.

आज चौथा दिवस. सकाळी पोपट एक काठी घेऊन आला. त्याने ती माझ्या अंगाशेजारी धरली, नाकापासून शेपटीपर्यंत, आणि अंगठ्याने खूण केली. मग दोन गडी कुदळी घेऊन आले.

"अवं, ती जिती हाय की!" अनसाबाई म्हणाली.

"गडी उद्यापासनं उसाला जाणार," ज्योतिबा म्हणाला. "मंग दुप्पट मागत्यात. आन् इथंच खणलं म्हंजी ट्रॅक्टरनं वढून न्यायाचं भाडं वाचलं."

पूनमने माझ्यापुढे ओल्या वैरणीची पेंढी टाकली. मला भूक होती. मी खाल्ली. गडी कुदळ टेकवून पाहू लागले. ज्योतिबाही पाहू लागला.

"आजूनबी खातीय," तो म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता, मित्रांनो. पेंढीचा भाव होता.

खड्डा आता गुडघाभर झाला आहे. माती मऊ आहे, काम लवकर उरकेल. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यापैकी कुणी गाई पाळतील. विमा जरूर काढा. मला विम्याचा राग नाही. डॉक्टरांची फी जास्त आहे, असे जरूर म्हणा. आधी बोलवा आणि मग म्हणा. त्यांना जनावर दाखवा, नुसता कागद दाखवू नका. आणि एवढे काही जमले नाही, तर माझे एक छोटे मागणे आहे, त्याला पैसाही लागत नाही. खड्डा जनावराच्या पाठीमागे खणा. माझा समोर खणत आहेत, आणि मला मान वळवता येत नाही.