गाण्यानं पळवलेलं हरीण

क्लॅरी मॅकार्डलला बंदुकीवर स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, बसवायचा नव्हता, आणि शिकारसामानाच्या दुकानाचा उंबरा ओलांडता ओलांडताच त्यानं हे मालकीण ग्लेनिसला ऐकवलं.

“मग आलास कशाला? चहाला?” ग्लेनिस म्हणाली.

“याला विचार.” क्लॅरीनं अंगठ्यानं मागे दाखवलं. “साहेबांची अट आहे. बंदुकीवर काच नसेल, तर यंदा साहेब माझ्याबरोबर टोटाराच्या खोऱ्यात शिकारीला येणार नाहीत. जन्म गेला नळीवरची माशी आणि खाच जुळवून नेम धरण्यात, आणि आता म्हातारपणी बंदुकीला चष्मा!”

मागे हेनारे उभा होता. अंगात नेहमीचा तांबूस-तपकिरी लोकरी सदरा, डोक्यावर भडक नारिंगी टोपी. ही टोपी त्यानं गेल्या हिवाळ्यात घेतली होती, आणि तेव्हापासून क्लॅरी त्याला रस्तादुरुस्तीवाला म्हणत असे. हेनारेनं टोपी सारखी केली. “काच लाव, मी येतो,” एवढंच म्हणाला.

“दे इकडे,” ग्लेनिसनं हात पुढे केला. बंदूक दारातून आत आली की बोल्ट काढून दुकानमालकाच्या हाती द्यायचा, हा तिच्या वडिलांच्या वेळचा नियम. बोल्टशिवाय बंदूक म्हणजे नुसती काठी. क्लॅरीनं आपल्या जुन्या थ्री-नॉट-थ्रीचा बोल्ट सर्रकन काढून दिला आणि ग्लेनिसनं तो अ‍ॅप्रनच्या खिशात टाकला.

क्लॅरी कुरकुरत होता खरा, पण अट त्याला मोडता येण्यासारखी नव्हती. एप्रिल तोंडावर आला होता. एप्रिलात नर हरणं माजावर येतात, सगळं खोरं त्यांच्या डरकाळ्यांनी घुमतं, आणि हे दोघं म्हातारे आठवडाभर वरच्या जुन्या झोपडीत जाऊन राहतात. बायको गेल्यापासून क्लॅरीच्या वर्षात तेवढा एकच आठवडा उरला होता. बाकीचं वर्ष म्हणजे त्या आठवड्याची वाट बघणं. आता एकट्यानं नदी ओलांडणं गुडघ्यांना जमलं नसतं, आणि खरं सांगायचं तर एकट्यानं जायची त्याला इच्छाही नव्हती. हेनारेशिवाय ती झोपडी म्हणजे गंजक्या पत्र्याची खोली.

पोरवयात दोघंही सरकारी हरीणमारे होते. हरणं डोंगर बोडके करत सुटली होती आणि सरकार तरुण पोरांना बंदूक, पीठ, चहा देऊन रानात सोडत असे. पहिल्याच वर्षी पुरानं दोघांना त्या झोपडीत कोंडलं. पुढून नदी, मागून ओढा, आणि खायला जवळजवळ काही नाही. तेव्हा हसावं की रडावं कळेना, म्हणून दोघांनी मिळून एक गाणं रचलं:

पीठ खाल्लं उंदरानं, साखर नेली पुरानं,
उरला नुसता चहा, बाबांनो, तोच प्या मानानं.

चालही अशीतशीच. पण पुढे कित्येक वर्षं, कुठल्याही ओल्या संध्याकाळी, दोघांपैकी कुणीतरी पहिली ओळ उचलायचा आणि दुसरा दुसरी. क्लॅरीच्या लग्नातही ते झालं होतं, आणि सासूबाई अगदी घुश्शात येऊन उठून गेल्या होत्या.

आणि याच गाण्यानं गेल्या वर्षी घात केला.

गेल्या एप्रिलात क्लॅरी ओढ्याकाठी दबा धरून बसला होता. पलीकडे नेच्यांच्या दाटीत तांबूस खांदा दिसला. नरच. माशी खाचेत बसली, खांद्यावर टेकली, बोट घोड्यावर गेलं, आणि नेमक्या त्या क्षणी पलीकडून कुठूनतरी हेनारेनं भसाड्या आवाजात तान मारली, “पीठ खाल्लं उंदरानं!” खांदा दिसेनासा झाला. क्लॅरी इतका भडकला की रात्रभर बोलला नाही, आणि खाली आल्यावर मात्र बोलायचा थांबला नाही. इकडे एप्रिल सरला की हिवाळा लागतो; तो सगळा हिवाळा पबमध्ये त्यानं ही गोष्ट रंगवून सांगितली. हेनारे दारात दिसला की पोरं ओरडायची, “गवई आले हो, हरणं लपवा!” हेनारे दात काढून हसायचा आणि आपला ग्लास घेऊन कोपऱ्यात बसायचा. क्लॅरीला वाटायचं, गडी ओशाळलाय. बरंच झालं.

ग्लेनिसनं काउंटरवर दोन स्कोप ठेवले. एक जाडजूड, पुढचं तोंड वाटीएवढं. दुसरा सडपातळ, आखूड.

“हे काय? खिशातली बॅटरी?” क्लॅरी म्हणाला.

“हा दीडपट दाखवतो. तो जाडा नऊपट.”

“मग विषयच संपला. डोळे गेले म्हणता ना माझे? मोठा दे.”

“अरे, रानात लांबचं असतं कुठं काय? चार झाडांपलीकडे तर सगळा काळोख. तिथं जवळ आणून बघून करशील काय?”

“तुझे वडील असे नव्हते हं. मागितलं ते काढून द्यायचे.”

“माझे वडील तुला बूट विकायचे, क्लॅरी. बूट चुकला तर तुझाच पाय सोलतो.”

हेनारे इतका वेळ गळांच्या पाकिटांशी चाळा करत होता. तो मध्येच म्हणाला, “ग्लेनिस, बोल्ट तुझ्याकडेच आहे ना?”

तिनं खिशावर थोपटलं. “आहे की.”

“मग मी जरा मागं जाऊन येतो.”

“जा, जा. म्हाताऱ्याला दर तासाला जावं लागतं,” क्लॅरी म्हणाला.

ग्लेनिसनं बंदुकीला भोक न पाडता बसणारी स्कोपची पकड आणली. “आवडला तरच भोक पाडू,” ती म्हणाली. हे ऐकून क्लॅरीला बरं वाटलं. त्या बंदुकीच्या दस्त्यावर त्याच्या गालानं घासून घासून गुळगुळीत डाग पडला होता. तिला भोक पाडणं त्याच्या जिवावर आलं होतं.

मोठा स्कोप चढवून दोघं मागच्या ओसरीवर आली. ओसरीपुढे गवताचा पट्टा, आणि तो संपला की लगेच रान. वेलींच्या जाळ्या, पुरुषभर उंचीचे नेचे, त्यांच्या डोक्यावर रिमूची झाडं. नुकतीच सर येऊन गेली होती.

“डोळा चिकटवू नकोस,” ग्लेनिस म्हणाली. “बार उडाला की भुवई फोडतो तो.”

क्लॅरीनं बंदूक खांद्याला लावली. आधी नुसता हिरवा गोंधळ. आपण नक्की कुठे बघतोय तेच कळेना. मग त्यानं कडं फिरवलं आणि एकदम एक नेचा समोर आला. त्याचं एकेक पान, पानाच्या टोकाला लोंबणारा थेंब, थेंबात चमकणारं आभाळ. किती वर्षांत त्यानं पानाची कड पाहिली नव्हती! गेली कित्येक वर्षं रान म्हणजे त्याला ओली हिरवी चादर दिसत होती आणि त्यानं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. आपण पुन्हा विशीत आहोत, नदीला पूर आहे, आत झोपडीत कुणीतरी चहा ठेवलाय, असं त्याला वाटलं. डोळ्यात पाणी आलं ते त्यानं काचेच्या नावावर खपवलं.

“काय सुरेख दिसतं गं पोरी!” तो म्हणाला.

मग त्यानं नळी जरा डावीकडे नेली आणि थबकला. दोन नेच्यांच्या मधोमध तांबूस लोकर होती. दाट, ओलसर, उन्हाचा कवडसा पडलेली. सगळी काच तिनं भरून गेली. आणि वरच्या कडेला काहीतरी फडकन हललं.

“ग्लेनिस,” तो कुजबुजला, “हरणी आहे. तुझ्या दारात. हलू नकोस.”

“नक्की?”

“कान हलवला तिनं. खांदा अगदी समोर आहे.”

क्लॅरीनं श्वास अर्धा सोडून धरला, जसा जन्मभर धरला होता तसा, आणि त्याचं बोट आपोआप मागे आलं. काहीच झालं नाही, कारण बोल्ट अ‍ॅप्रनच्या खिशात होता. तो हसत बंदूक खाली घेऊन म्हणाला, “पडली असती बघ. जागच्या जागी.”

“आता हा लाव,” ग्लेनिस म्हणाली. तिनं मोठा स्कोप काढून आखूड चढवला. चढवताना तिनं एकदा नेच्यांकडे पाहिलं, पण क्लॅरीचं तिकडे लक्ष नव्हतं.

“पळून जाईल ती तोवर.”

“नाही जायची.”

या वेळी बंदूक खांद्याला लागताच सगळं एकदम दिसलं. गवताची कड, नेच्यांची रांग, रिमूचं खोड. फार मोठं नाही, पण स्वच्छ, आणि जे होतं ते सगळं आपापल्या जागी. क्लॅरीनं नेच्यांची ती फट शोधली. फटीत तांबूस लोकर होती. लोकरीखाली मांडी होती, मांडीखाली चिखलानं भरलेला बूट. लोकरीवर एक पांढरं डोकं होतं. हेनारे पडक्या ओंडक्यावर निवांत बसून सिगरेट वळत होता. त्यानं कागद चाटायला हात तोंडापाशी नेला, आणि वर फडकन हललं ते तेच होतं. नारिंगी टोपी त्यानं काढून गुडघ्यावर, नेच्याआड ठेवली होती.

क्लॅरीनं बंदूक खाली घेतली आणि ओसरीच्या पायरीवर बसला.

हेनारे टोपी घालून सावकाश गवतातून आला. “काय दिसलं?” त्यानं विचारलं.

“तू,” क्लॅरी म्हणाला.

“दोन्हींतून?”

खोटं बोलता आलं असतं. ग्लेनिसनं तोंड उघडलं नसतं, ती तशी नव्हती. क्लॅरीनं आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे पाहिलं.

“मोठ्यातून हरणी दिसली,” तो म्हणाला. “आणि मी बोट ओढलं, हेनारे. बोट ओढलं मी.”

“हं,” हेनारे म्हणाला. तो शेजारी टेकला, सिगरेट पेटवली, एक झुरका घेऊन क्लॅरीला दिली. “मागच्या वर्षी नर होतो. यंदा हरणी. वय झालं की माणूस उतरणीला लागतो.”

क्लॅरीला कळायला थोडा वेळ लागला. ओढा. पलीकडचे नेचे. माशीवर टेकलेला तांबूस खांदा. भसाडा आवाज. तो खांदा दिसेनासा झाला होता खरा, पण एकही फांदी मोडल्याचा आवाज आला नव्हता. एवढं मोठं जनावर पळतं आणि रानात काही वाजत नाही, हे सरकारी हरीणमाऱ्याच्या लक्षात यायला हवं होतं.

“तू होतास,” तो म्हणाला.

“पाणी भरत होतो. मान वळवली तर तुझी नळी. अगदी सरळ, डगमग नाही. हात अजून चांगले आहेत तुझे.”

“अरे, मग ओरडायचं ना! थांब म्हणायचं, शिव्या घालायच्या. गाणं कसलं म्हणतोस?”

हेनारेनं सिगरेट परत घेतली. “ओरडलो असतो तर तुला कळलं असतं.”

ग्लेनिस काहीतरी पुटपुटत आत निघून गेली. सगळा हिवाळा क्लॅरीच्या डोळ्यांपुढून गेला. तो टेबलावर मूठ आपटून सांगतोय, पोरं खिदळतायत, आणि कोपऱ्यात हा माणूस दात काढून हसतोय. जो आपल्याला मारायला निघाला होता, त्याला झोप लागावी म्हणून हसतोय. क्लॅरीला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि इतका जीवही कधी कुणावर जडला नव्हता.

“सांगणार नव्हतोच,” हेनारे म्हणाला. “पण आत तू त्या जाड्यावर हात ठेवलास. म्हटलं, आता दाखवलंच पाहिजे. छोटा घे. छोट्यातून दिसलो ना मी?”

“दिसलास.”

“मग झालं तर. भोक पाडून घे, परवा निघू.”

क्लॅरी उठला. बंदूक उचलून आत गेला आणि ती काउंटरवर आडवी ठेवली. दस्त्यावरच्या गुळगुळीत डागावरून एकदा अंगठा फिरवला.

“ग्लेनिस, भोक नको पाडूस. आणि तो बोल्ट तुझ्याच खिशात राहू दे.”

“किती दिवस?”

“राहू दे म्हटलं ना.” त्यानं काउंटरमागच्या फडताळाकडे बोट केलं. “ती गळ्यात अडकवायची दुर्बीण दाखव. दोन डोळ्यांची. तिच्यातून कुणाकडेही बघितलं तरी चालतं.”

हेनारे दारात उभा होता. “आणि बंदुकीशिवाय वर येऊन करणार काय तू?”

“हरीण शोधीन. ते हरीणच आहे याची खात्री करीन. मार तू.” क्लॅरीनं दुर्बीण डोळ्यांना लावली आणि हेनारेकडे वळवली. नारिंगी टोपी, पांढऱ्या भुवया, कपाळावरची एकेक सुरकुती. बराच वेळ तो बघत राहिला. “शुक्रवारी पबमध्ये मी ती गोष्ट पुन्हा सांगणार आहे. सगळी. पुढच्या भागासकट.”

“कशाला? लोकांना आहे ती आवडते.”

“मला नाही आवडत.”

ग्लेनिसनं फडताळातून आणखी एक नारिंगी टोपी काढली आणि क्लॅरीच्या डोक्यावर बसवली. त्यानं ती काढली नाही.

बाहेर पुन्हा सर आली होती. दोघं धावत, म्हणजे दोघांना धावता येतं तेवढं धावत, गाडीत शिरले. हेनारेनं किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, लागलं. काचेवरचा वायपर इकडून तिकडे फिरू लागला. गाव मागे पडलं. मग क्लॅरीनं, पुढे रस्त्याकडेच बघत, चाल पार चुकवत, पहिली ओळ उचलली. हेनारेनं दुसरी घ्यायला जरा वेळ लावला, पण घेतली.