बारा हरवलेले भाऊ

पवित्र गुरुवारी संध्याकाळी फादर बारा जणांचे पाय धुतात. येशूने शेवटच्या जेवणाच्या वेळी आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले होते, त्याची ही आठवण. वेदीपुढे बारा खुर्च्या मांडतात, बारा माणसं उजव्या पायातला मोजा काढून बसतात, फादर गुडघे टेकून एकेकाच्या पायावर पाणी ओततात, पुसतात आणि पुढे सरकतात. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. पण या दहा मिनिटांच्या जिवावर आमचा प्लंबर उरलेलं वर्ष ढकलायचा.

एकोणीस वर्षं पहिली खुर्ची त्याची होती. पहिली म्हणजे संत पेत्राची, बारा जणांच्या म्होरक्याची. दुसरा कुठला मान आयुष्यात मिळाला नाही, असं तो स्वतःच सांगायचा. लोकांना त्याची आठवण यायची ती मोरी तुंबल्यावर. काम झालं की "मागच्या दाराने जा हं, पुढची लादी आत्ताच पुसलीय" म्हणायचे. वर्षातून एकदा मात्र तेच लोक माना उंच करकरून बघायचे आणि एक चांगला शिकलेला माणूस त्याच्यापुढे गुडघे टेकायचा. ती खुर्ची काढून घेतली तर या माणसाकडे उरणार काय? पाइप आणि पक्कड!

आणि नेमकी तीच काढून घेतली.

नवे फादर येऊन जेमतेम दहा दिवस झाले होते. वय कमी, उत्साह दांडगा. उपवासकाळाच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांतल्या, पहिल्याच रविवारी ते प्रवचनात म्हणाले, "आपण दरवर्षी ज्यांचे पाय धुतो, ते तर इथे रोजच असतात! यंदा बाराच्या बारा खुर्च्या आपल्या हरवलेल्या भावांना द्यायच्या. लागोपाठ चार रविवार जो मिस्सेच्या प्रार्थनेला दिसला नाही, तो आपला हरवलेला भाऊ. त्याच्या घरी जाऊ, त्याला बोलावू, सगळ्यांत पुढे बसवू!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. प्लंबरनेही वाजवल्या, सगळ्यांत जोरात. तिसऱ्या टाळीला त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि हात हवेतच राहिले.

"एकोणीस वर्षं!" घरी आल्यावर तो येरझाऱ्या घालू लागला. "ऊन बघितलं नाही, ताप बघितला नाही. आणि जे रविवारी बारा वाजेपर्यंत घोरतात, त्यांना खुर्च्या?"

"एवढी हौस असेल तर मी धुते तुमचे पाय," बायको म्हणाली. ती शाळेच्या ऑफिसात होती, वीस वर्षं लोकांचे अर्ज तपासण्यात गेली होती, त्यामुळे फादरांनी गाठीभेटींच्या मंडळाची प्रमुख तिलाच केलं होतं. "खसाखसा धुते, चालेल?"

त्याला चालणार नव्हतं. त्याने भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं आणि बोटांवर रविवार मोजले. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. झाले चार. मग सहावा, झावळ्यांचा रविवार, आणि त्याच आठवड्यात गुरुवार. अगदी मापात बसत होतं!

पुढच्या रविवारी बायको तयार होऊन दारात उभी राहिली, तर हा कॉटवर आडवा.

"काय झालं? बरं नाही?"

"माझा विश्वास डळमळलाय."

"विश्वास? अहो, तुमचा गुडघा डळमळतो. उठा."

"मी हरवलोय," प्लंबर छताकडे बघत म्हणाला.

"पांघरुणात?" असं विचारून ती एकटीच गेली. दार तिने जरा जोरातच लावलं.

पण हरवणं म्हणजे खायचं काम नाही. या माणसाने जन्मात रविवारची मिस्सा चुकवली नव्हती. घंटा झाली तसा तो ताडकन उठून बसला, साडेदहापर्यंत त्याने दोनदा बूट घालून काढले. शेवटी त्याने भर उन्हात नाकातोंडावरून मफलर गुंडाळला, बस पकडली आणि शेजारच्या पॅरिशच्या चर्चमध्ये जाऊन अकराच्या मिस्सेला खांबामागे उभा राहिला. आपल्या चर्चमध्ये हरवलेला, दुसऱ्या चर्चमध्ये वेळेवर. देवाची आणि फादरांची, दोघांचीही सोय झाली.

मंगळवारी संध्याकाळी बायको भाजी आणते म्हणून गेली आणि दहाच मिनिटांत दारावरची बेल वाजली. बघतो तर बायकोच! हातात फॉर्म, छातीवर मंडळाचा बिल्ला. मागे बेकरीवाला, केकचा खोका घेऊन. बेकरीवाला म्हणजे पाचवी खुर्ची. त्यालाही तिने मंडळात ओढलं होतं, आणि एक रविवार चुकला तरी केक घेऊन विचारायला जायचं, असं मंडळाने ठरवलं होतं.

"नमस्कार. आम्ही चर्चतर्फे आलोय," बायको म्हणाली. "आत येऊ का?"

"अगं, किल्ली आहे ना तुझ्याकडे?"

"मी कामावर आहे. आपण शेवटचं चर्चला कधी आला होता?"

"तुला माहीत नाही? शेजारीच बसली होतीस!"

"फॉर्मवर लिहायचंय. बरं, न येण्याचं कारण? आमच्याकडून आपलं मन दुखावलं गेलंय का?"

"हो! माझी खुर्ची काढून घेतली!"

"ते मी 'इतर' मध्ये लिहिते," बायको म्हणाली, आणि खरंच लिहिलं.

बेकरीवाला केक कापून देत होता. आपल्याच भट्टीतला केक दुसऱ्याच्या तोंडात जाताना बघून त्याचा चेहरा हळूहळू बदलत चालला होता. निघताना जिन्यात थांबून त्याने हळूच विचारलं, "किती रविवार म्हणाले होते रे फादर?"

दुसऱ्या दिवशी प्लंबरला घड्याळजीकडे काम निघालं. घड्याळजीचं दुकान पुढे आणि राहणं मागे. साठीचा, एकटा माणूस. स्वयंपाकघरातला नळ गळत होता. ओट्याखाली डोकं घालता घालता प्लंबरला आठवलं, की हा तर कितीतरी वर्षांत चर्चमध्ये दिसलेला नाही. म्हणजे या विषयातला जाणकारच सापडला की!

"एक विचारू? राग मानू नका," तो ओट्याखालूनच म्हणाला. "हे चर्चला न जाणं तुम्हाला जमतं कसं? मला तर एका रविवारात धाप लागली."

घड्याळजी हसला. "अवघड जातात ते पहिले तीन. बायको गेली, त्यानंतर मला तिथे बसवेना. घरीच राहिलो. पहिल्या रविवारी वाटलं, संध्याकाळी कोणीतरी येईल विचारायला. स्वच्छ शर्ट घालून बसलो होतो. दुसऱ्या रविवारीही बसलो, तिसऱ्याही. मग सवय झाली. अकरा वर्षं झाली आता."

प्लंबरने पाइप घट्ट केला, गरज नसताना आणखी घट्ट केला. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी केक घेऊन आले, हे काही त्याला सांगवेना. त्या तीन रविवारी आपणही मिस्सा सुटल्यावर याच दुकानावरून घरी गेलो असणार, हेही त्याला कळत होतं. ओट्याखालून बाहेर येताना अगदी खजील होऊन तो म्हणाला, "या की पवित्र गुरुवारी. यंदा नवे फादर तुमच्यासारख्यांचेच पाय धुणार आहेत."

"मला कोणी बोलावलं नाही."

"मी बोलावतोय ना!" प्लंबर म्हणाला. निघायच्या वेळी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणतात, तसं. हत्यारं पिशवीत भरेपर्यंत तो ते विसरलाही.

तिसऱ्या रविवारी शेजारच्या चर्चमध्ये त्याच्या खांबामागे आधीच एकजण उभा होता. काळा चष्मा, कपाळापर्यंत ओढलेली टोपी, आणि अंगाला ताज्या पावाचा वास. दोघांनी एकमेकांना ओळख दाखवली नाही. चौथ्या रविवारी तिथे सात जण झाले. पाचव्या रविवारपर्यंत जुन्या बारापैकी एकही मागे राहिला नव्हता, प्रत्येकजण आपले चार रविवार कसेबसे जुळवत होता, आणि जे उशिरा हरवले होते ते मधल्या वारांची मिस्साही हिशेबात धरा म्हणून बेकरीवाल्यामार्फत मंडळाशी बोलणी करत होते. खांब चार आणि मफलर बारा, अशी तिथे दाटी झाली. तिथले म्हातारे फादर वेदीवरून कळवळून म्हणाले, "आपल्याकडे सर्दी-खोकल्याची साथ आलेली दिसते. या आजारी बांधवांसाठी आपण प्रार्थना करू." बाराही जणांनी खाली मान घालून आमेन म्हटलं.

इकडे मंडळ दारोदार फिरत होतं. खरोखर हरवलेले लोक केक ठेवून घ्यायचे आणि "बघू" म्हणायचे. यायला तयार, उत्सुक, अगदी उतावीळ असे फक्त बारा जण सापडले. झावळ्यांच्या रविवारी फादरांनी यादी हातात घेतली तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते. बिचारे नवीन होते, नावं आणि चेहरे त्यांना अजून कुठे ठाऊक!

"मी एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही," घरी बायको म्हणाली. "चार मिस्सांना आला नाहीत, तेवढंच लिहिलं. लाज वाटायची असेल तर ती तुमची तुम्ही वाटून घ्या."

प्लंबरला लाज वाटत होती, पण आनंद तिच्यापेक्षा फार मोठा होता. पहिली खुर्ची त्याचीच!

गुरुवारी चर्च खच्चून भरलं. बारा हरवलेले भाऊ रांगेने आत आले आणि कोणी काही सांगायच्या आत जो तो आपापल्या नेहमीच्या खुर्चीवर जाऊन बसला. लोकांनी बघितलं. तेच बारा, त्याच क्रमाने! मागच्या बाकावरून कोणीतरी फिसकन हसलं.

"हे चेहरे नीट बघा!" फादर भारावून म्हणाले. "किती काळ आपण यांना मुकलो होतो!"

बायकांनी पदर आणि ओढण्या तोंडात कोंबल्या. पुरुषांनी रुमाल काढले. अख्खं चर्च गदगदा हलायला लागलं. लोकांना रडू आवरेना असं वाटून फादरांनीही डोळे पुसले. प्लंबरची बायको मात्र हसत नव्हती. ती नवऱ्याकडे एकटक बघत होती आणि तो तिच्याकडे बघायचं टाळत होता.

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि घड्याळजी आत आला. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. पाय धुणार आहेत, या, असं त्याला सांगितलं होतं, म्हणून तो मधल्या वाटेने सरळ पुढे वेदीपर्यंत चालत आला. खुर्च्या बघितल्या. सगळ्या भरलेल्या. त्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुन्हा बघितलं आणि मग प्लंबरजवळ येऊन हळूच म्हणाला, "तुम्ही म्हणाला होतात..."

फादर तांब्या घेऊन पहिली पायरी उतरत होते. प्लंबरने मान वळवली असती तर कोणाला काही कळलं नसतं. घड्याळजी गुपचूप मागे जाऊन उभा राहिला असता आणि पुन्हा कधी आला नसता. प्लंबरला ते लख्ख दिसलं. खुर्ची सोडवत नव्हती, हेही तितकंच खरं. त्याने दोन्ही हातांनी ती घट्ट धरली, आणि मग तसाच एक पाय उघडा घेऊन उभा राहिला.

"फादर, ही खुर्ची यांची आहे. मी हरवलेलो नाही. चार रविवार मी शेजारच्या चर्चमध्ये होतो. खांबामागे."

"गप्प बस, मूर्खा," पाचव्या खुर्चीवरून आवाज आला.

फादरांनी तिकडे बघितलं. "आणि तुम्ही?"

बेकरीवाल्याने आपल्या उघड्या अंगठ्याकडे बघितलं. "खांबामागेच, फादर. पण दुसऱ्या."

मग मात्र चर्चला आवरणं कोणाच्याही हातात राहिलं नाही. लोक बाकांवर डोकी टेकून हसले. नवे फादर तांब्यासकट पायरीवर बसले, बाराही चेहरे एकेक करून बघितले, आणि त्यांनाही हसू फुटलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. या विधीला येणारा प्रत्येकजण पाय घरून घासूनपुसून आणतो. फादरांनी धुवायचे म्हणजे काय घाणेरडे आणायचे? घड्याळजीला हे कोणी सांगितलंच नव्हतं. तो दुकान बंद करून साध्या चपलांत धुळीतून चालत आला होता. पहिल्याच तांब्याला पाणी मातकट झालं. घड्याळजी ओशाळला, पाय मागे घेऊ लागला. फादरांनी तो सोडला नाही. "अजून पाणी आणा," ते म्हणाले, आणि प्लंबर एका बुटावर लंगडत आतून बादली घेऊन आला. बाकी अकरा जणांचेही पाय मग धुतले, कारण मोजे काढून झालेच होते.

त्या रात्री प्लंबर घरी फारसं जेवला नाही. खुर्ची गेल्याचं त्याला वाईट वाटत होतं, उगाच खोटं कशाला सांगा! बायकोने त्याच्या ताटात जास्तीचं वाढलं.

ईस्टरला घड्याळजी आला, प्लंबरच्या शेजारी बसला. त्याच्या पुढच्या रविवारी जागा रिकामी. प्लंबरचं कशात लक्ष लागेना, तो सारखा मागे वळून बघायचा आणि बायको चिमटा काढायची. शेवटचा आशीर्वाद झाला न झाला तोच तो बाहेर पडला आणि गुडघ्याची पर्वा न करता धावत सुटला.

घड्याळजीने दार उघडलं तेव्हा त्याचं नाक लाल होतं आणि डोक्यावर टॉवेल होता.

"आज दिसला नाहीत," प्लंबर धापा टाकत म्हणाला.

"सर्दी झालीय हो. वाफ घेत होतो." घड्याळजीने मागे वळून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "अहो, मिस्सा सुटून पाच मिनिटंही झाली नाहीत!"

"मग? उशीर झाला का मला?"

घड्याळजीने डोक्यावरचा टॉवेल काढला. दाराची कडी धरून तो रडायला लागला. रडणाऱ्या माणसाशी काय बोलतात हे प्लंबरला जन्मात कळलं नव्हतं. "फॉर्म आणायचा राहिला," तो म्हणाला, आणि आत जाऊन त्याने दोघांसाठी चहा ठेवला.