डोळ्याचा रकाना

टिंग. स्टीलच्या वाटीत स्क्रू पडला आणि दुपारच्या शांततेला तडा गेला. मी श्वास रोखून पलंगाकडे पाहिलं. भिंगरीने कूस बदलली, अंगठा तोंडात घातला आणि पुन्हा गाढ झोपली. ही माझी साडेचार वर्षांची लेक. हे नाव तिला का पडलं ते तिला एकदा जागेपणी पाहिलं की कळतं. ती झोपते दीड तास, फार तर पावणेदोन. तेवढ्या वेळात मला बाबांच्या कॅमेऱ्याला बोलतं करायचं होतं.

सहा वाजता मावसभाऊ कॅमेरा न्यायला येणार होता. सकाळी चहा पिताना बाबांनी सहज सांगितलं, जुनी छत्री देऊन टाकावी तसं. मी कारण विचारलं तर म्हणाले की माझा उजेडाचा अंदाज गेला, आता ज्याचा शाबूत आहे त्याच्याकडे तो असावा.

बाबांनी चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला. दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं, तेव्हा फोटो मीच काढणार आणि फिल्मवरच काढणार, असा त्यांचा हट्ट होता. दोन रोल काढले. धुऊन आले तर सगळे अंधारे. नवरदेव फक्त दातांवरून ओळखू येत होता. लग्न काय तळघरात लागलं होतं का, असं धाकटी हसत म्हणाली. बाबाही हसले. मग त्यांनी कॅमेरा पुसला, कपाटात ठेवला आणि परत काढला नाही.

गोष्ट तेवढ्यावर थांबली असती तर मी गप्प बसले असते. पण हळूहळू बाबा सगळंच दुसऱ्याला विचारायला लागले. हा शर्ट निळा आहे की काळा? दूध उतू जाईल का आता? रस्ता ओलांडताना माझं कोपर धरायला लागले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तीनदा तपासून सांगितलं की नजर वयाच्या मानाने उत्तम आहे. त्यावर बाबांचं उत्तर ठरलेलं: डॉक्टर डोळा तपासतात, अंदाज कुठे तपासतात.

भिंगरी व्हायच्या आधी मी मापयंत्रांच्या दुरुस्तीत होते. वजनकाटे, दाबमापकं, असलं सगळं. आमचे फोरमन नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचे की काटा चुकतो तेव्हा बहुतेक वेळा बिचारा काटा निर्दोष असतो, त्याला काय खायला घातलंय ते आधी बघावं. पाच वर्षं मी डबे, लंगोट आणि खेळण्यातल्या गाड्यांची चाकं यांतच आहे, पण हाताला विसर पडलेला नाही. स्क्रू-ड्रायव्हर धरला की बोटं आपापल्या जागी जातात.

आधी काटा. कॅमेऱ्याला डोळा लावून पाहिलं की उजव्या कडेला तो दिसतो. उजेड जास्त तर वर, कमी तर खाली. तो जिथे थांबेल त्यावरून भिंग किती उघडायचं तो आकडा ठरवायचा. मी भिंगावर तळहात ठेवला, काटा झोपला. हात काढला, उठला. म्हणजे उजेड ओळखणारी चकती जिवंत होती. वरचं झाकण उघडून बघितलं, तारा शाबूत होत्या, डाखाचे टाके चमकत होते. फिल्मचा वेग सांगणारी चकतीही बरोबर आकड्यावर. मग मी कॅमेरा भिंतीकडे धरला आणि शेजारी फोनमधला उजेड मोजणारा प्रोग्राम लावला. फोन म्हणाला चार. कॅमेरा म्हणाला आठ.

आकडा मोठा म्हणजे भिंगाचं तोंड बारीक. चारच्या जागी आठ ठेवलं तर आत चौथाई उजेड जाणार. तळघरच ते.

मला इतका आनंद झाला की मी वाटीतले स्क्रू उगाच एकदा मोजले. काटा चुकत होता, आणि एकाच दिशेने चुकत होता. आता प्रश्न एकच, याला खायला काय घातलंय? तळाचं गोल झाकण नाण्याने फिरवलं. आतला चपटा सेल बाहेर काढून मीटरला लावला. दीड व्होल्टच्या किंचित वर. उत्तम सेल. मग बाबांच्या कपाटातून कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका काढली. तिच्या शेवटून दुसऱ्या पानावर छापलं होतं: एक पूर्णांक पस्तीस व्होल्ट.

त्या काळचे पाऱ्याचे सेल आता कुणी बनवत नाही. त्याच आकाराचा दुसरा मिळतो, चपखल बसतो, पण जोर जास्त लावतो. काटा बिचारा उड्या मारत वर जातो आणि म्हणतो, केवढा हा उजेड.

सेल हातात धरून मी बसून राहिले, कारण तो मी घातला होता. लग्नाच्या आदल्या दिवशी, हौसेने. जुना सेल पांढरा पडला होता. तो मी काढला, आतली जागा घासून लख्ख केली, दुकानदाराने तीच साईज आहे ताई म्हटलं, आणि मी घातला. काटा टुणकन उठला तेव्हा बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली होती. कुठलंही मापयंत्र हातात घेताना आधी व्होल्टेज वाचणाऱ्या बाईने घरातल्या यंत्राचं तेवढं वाचलं नव्हतं.

कपाटात पुस्तिकेखाली बाबांची वही होती. उमेदवारीच्या दिवसांत त्यांच्या गुरूंनी त्यांना एक शिस्त लावली होती. काट्याकडे बघायच्या आधी नुसत्या डोळ्यांनी आकडा ठरवायचा आणि लिहून ठेवायचा. मग काटा बघायचा आणि तोही लिहायचा. प्रत्येक फोटोला दोन रकाने, डोळा आणि काटा. जुन्या पानांवर दोन्हीकडे तेच आकडे, पानंच्या पानं, फार तर कुठे अर्ध्या घराचा फरक. लग्नाचं पान उघडलं. फोटो पहिला: डोळा चार, काटा आठ. दुसरा: डोळा पाच पूर्णांक सहा, काटा अकरा. भिंगाच्या पट्टीवर चार, पाच पूर्णांक सहा, आठ, अकरा अशी घरं असतात; इथे दर ओळीला बरोबर दोन घरांचा फरक. चौदाव्या फोटोपासून डोळ्याचा रकाना रिकामा होता. पुढे नुसता काटा.

पलंगावर अंगठा चोखण्याचा आवाज चालू होता, म्हणजे अजून सवड होती.

औषधांच्या खणात बाबांच्या कानाच्या यंत्राचे सेल असतात. ते हवेवर चालतात आणि एक पूर्णांक चारच्या आसपास देतात. एकाचा कागद सोलून हवा लागू दिली, नळाच्या वॉशरची रबरी कडी त्याच्याभोवती बसवली, मागे चॉकलेटच्या चांदीची घडी ठेवली आणि झाकण लावलं. कॅमेरा भिंतीकडे धरला. चार. फोन, चार. खिडकी, दोघेही अकरा.

मग डोळा लावायच्या काचेवर, काटा दिसतो त्या बाजूला, चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि बाबांना हाक मारली.

ते दारात उभे राहून उघड्या कॅमेऱ्याकडे बघत राहिले. हे काय आरंभलंस, भाऊ येतोय ना, असं म्हणाले. मी म्हटलं, जोडून देते, त्याआधी या भिंतीचा उजेड किती ते सांगा. त्यांनी मान हलवली. मला काय विचारतेस, यंत्राला विचार.

“यंत्राचं तोंड बांधलंय,” मी म्हणाले. “तुम्हीच सांगा.”

लहान मुलीला टाळावं तसं त्यांनी नुसतं वर पाहिलं आणि म्हणाले, चार. खिडकी? अकरा, पण ढग सरकतोय, पटकन घे. स्वयंपाकघरातला कोपरा? ते दोन पावलं आत गेले, डोळे बारीक केले. दोन पूर्णांक आठ. मी प्रत्येक वेळी त्यांचा आकडा कागदावर लिहिला, आणि मग पट्टी काढून कॅमेरा त्यांच्या हातात दिला. त्यांनी भिंत पाहिली. खिडकी पाहिली. कोपऱ्यापाशी जास्त वेळ लागला. तिथून वळले तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि पुसायचा विसरून तसाच परत लावला.

मी सगळं सांगितलं. एक पस्तीसच्या जागी दीड व्होल्ट, पारा. सेल कुणी घातला तेही. माफी मागायला लागले तर त्यांनी हात वर केला.

“घातलास तू,” ते म्हणाले. “विश्वास मी ठेवला.”

मग म्हणाले, “आणि त्या डॉक्टरला मी उगाच तीनदा छळलं गं.”

आम्ही दोघं हसलो, बराच वेळ हसलो. हसता हसताच बाबांनी मावसभावाला फोन लावला. ये, जरूर ये, म्हणाले, पण पिशवी आणू नकोस आणि दाढी करून जरा लवकर ये, बाल्कनीतला उजेड साडेपाचलाच चांगला असतो. फोन ठेवून त्यांनी वही ओढली, नवं पान काढलं आणि पट्टीने दोन रकाने आखले.

आमच्या हसण्याने भिंगरी जागी झाली होती. गालावर उशीच्या वळ्या, एक वेणी सुटलेली. ती येऊन आजोबांच्या मांडीवर चढली. त्यांनी तिला तिच्या भाषेत सगळं समजावलं. आजोबांचा डोळा म्हणत होता चार, काटा म्हणत होता आठ. काट्याला आईने जास्त खाऊ घातला होता, म्हणून तो उड्या मारत होता. डोळा बरोबर होता. भिंगरीने लग्नाचं पान पाहिलं, रिकाम्या रकान्यावरून बोट फिरवत खालपर्यंत नेलं, आणि मग आजोबांकडे नाही, माझ्याकडे वळली.

“आई, आजोबांना बरोबर माहीत होतं ना? मग त्यांनी काट्याचं का ऐकलं?”