गुंडीचा डावा पाय

कुत्र्याला आंघोळीला आणताना माणसं जितकं खोटं बोलतात, तितकं ती लग्न जमवतानाही बोलत नसतील. 'चल, भुर्र जायचं', 'चल, बॉल खेळू', 'चल, तुझा दोस्त आलाय' अशा थापा मारत आणतात आणि ते बिचारं शेपूट हलवत दुकानाच्या दारापर्यंत येतं. दारात साबणाचा वास नाकात शिरला, की त्याचं तोंड पाहावं. आधी ते मालकाकडे बघतं, मग गळ्यातल्या पट्ट्याकडे, मग पुन्हा मालकाकडे. मालक मोबाइलमध्ये डोकं घालून असा उभा असतो, जसा काही हा कुणा भलत्याचाच कुत्रा आहे.

थोरलीला हे मुळीच खपत नसे. तिने दुकानाच्या दारावर चक्क पाटी लावली होती : 'कुत्र्याला खोटं सांगून आणू नये.' लोक पाटी वाचून हसायचे. "मग काय, त्याला आधी नोटीस पाठवायची का?" असं विचारायचे. थोरली हसत नसे. "घरून निघतानाच 'आंघोळ' म्हणा, स्पष्ट. कुरकुरत येईल, पण येईल. फसवून आणलेला चावतो, आणि तुम्हाला नाही चावत, मला चावतो," ती सांगायची.

दुकान दोघी बहिणींचं. एक खोली, दोन टब, एक पाइप, अंग वाळवायचं घरघरणारं यंत्र आणि चहाच्या कपापासून उशीच्या अभ्र्यापर्यंत सगळीकडे केस. मागच्या खोलीत दोघी राहायच्या. आई गेली तेव्हा धाकटी एवढीशी होती. थोरलीनेच तिला न्हाऊमाखू घालून वाढवली आणि हाताशी आल्यावर दुकानात घेतली. स्वतःचं लग्न का नाही केलं, असं कुणी विचारलं, तर थोरली म्हणे, "वेळ कुठे मिळाला?" शेजारची खोली लवकरच रिकामी होणार होती. ती घ्यायची, मधली भिंत पाडायची आणि पाटीवर दोघींची नावं घालायची, हे तिने मनाशी पक्कं करून टाकलं होतं. धाकटीला तेवढं सांगायचं राहिलं होतं. धाकटी 'हो'च म्हणणार, मग घाई कसली?

आणि कुत्री तरी किती तऱ्हेची! सोनेरी केसांचा एक होता, त्याला सगळे नवरदेव म्हणत. तो स्वतःच टबात चढे आणि मग बाहेर निघायचं नाव घेत नसे. ओंजळीत मावेल एवढी एक पांढरी चिंधी होती. तिच्यावर पाणी पडायच्या आधीच ती असा टाहो फोडी, की समोरचा न्हावी वस्तरा घेऊन धावत यायचा. हवालदार नावाचा राखणीचा कुत्रा रस्त्यावर सगळ्यांची पाचावर धारण बसवत असे, पण टबात उभा केला की थोरलीच्या काखेत तोंड खुपसून पोरासारखा कण्हायचा. आणि मास्तरीणबाईंची म्हातारी कुत्री, मावशी. ती ना भुंके, ना पळे. लाकडासारखी ताठ उभी राहायची, भिंतीकडे बघत. खरा राग घरी गेल्यावर निघायचा. मास्तरीणबाईंच्या हातून ती काही खातच नसे. मास्तरीणबाई रडकुंडीला यायच्या. थोरली त्यांना दर वेळी सांगायची, "तिसऱ्या दिवशी खाईल. तोवर हात पुढे करू नका."

पण सगळ्यांचा बाप म्हणजे शिंप्याचा गुंडी. काळा, ठिपक्याठिपक्यांचा, अंगाने लहान आणि डोक्याने तापट. त्याचं वैर पाण्याशी नव्हतं, पाइपातून निघणाऱ्या धारेशी होतं. धार दिसली की तो तिच्यावर तुटून पडे आणि मध्ये जो हात येई तो धारेच्या पक्षाचा समजे. एकदा त्याने धाकटीच्या मनगटाचा लचका तोडला. तेव्हापासून धाकटीने कानाला खडा लावला. गुंडी आला की ती कोपऱ्यात टॉवेल धरून उभी राही आणि थोरली पुढे होई. थोरलीने त्याला कधी गोंजारून फसवलं नाही. पाइप आधी त्याच्या नाकासमोर धरायची, हुंगू द्यायची आणि मगच नळ सोडायची. तिच्या हातावर ओरखडे उठायचे, पण दात कधी लागला नाही.

धाकटीने एकदा सुचवलं होतं, "ताई, पाइपाच्या तोंडाला जुना मोजा बांधू या का? धार दिसणारच नाही. पाणी नुसतं झिरपेल. त्याला कळणारसुद्धा नाही." दुकानात चार गिऱ्हाइकं बसली होती. थोरली मोठ्याने हसली. "आणि दारावरच्या पाटीवर काय बांधू? पाणी आहे, तर पाणी दिसू दे त्याला." गिऱ्हाइकंही हसली. धाकटीने मोजा कुठे टाकला, ते थोरलीने काही बघितलं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी धाकटी सुट्टीच्या दिवशी शिंप्याकडे शिवण शिकायला जाऊ लागली. थोरलीला आनंदच झाला. पोरगी नुसती कुत्र्यांच्या केसांत किती दिवस गुंतून राहणार? "तुझा अ‍ॅप्रन फाटलाय ना, पहिला तोच शिवते," धाकटी म्हणाली होती. "वाकडा झाला तर हसू नकोस हं." थोरलीने तेव्हापासून नवा अ‍ॅप्रन विकत घेतला नाही. फाटक्याला पिना लावून ती दिवस काढत होती. कुणी टोकलं तर सांगे, "थांबा, घरचा शिवून येतोय."

शिंपी गुंडीला घेऊन आला तो दुपारी, धाकटी साबणाचा कॅन आणायला गेली असताना. गुंडी बऱ्याच दिवसांत आला नव्हता आणि आज सडक्या माशांत लोळून आला होता. वास दोन घरं आधीच पोचला.

"धाकट्या बाई नाहीत?" शिंप्याने आत डोकावत विचारलं.

"त्यांच्याशी काय काम? त्या तर ह्याच्या सावलीलाही उभ्या राहत नाहीत."

"नाही, नाही, सहज," शिंपी म्हणाला आणि नाकाला रुमाल लावून बाहेर जाऊन उभा राहिला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते हेच.

थोरलीने गुंडीला टबात ठेवलं. एरवी तो चारही पायांनी लढायचा. आज त्याने पुढचे पंजे टबाच्या काठावर ठेवले, मान वळवली आणि मागचा डावा पाय आपण होऊन उचलून तिच्यापुढे धरला.

थोरलीचा हात तिथल्या तिथे थांबला.

ती उजव्या हाताची. तिच्या हाताखाली कुत्र्याचा उजवा पाय आधी यायचा आणि सगळ्या कुत्र्यांना तेच वळण होतं. डाव्या पायापासून सुरुवात करणारं माणूस तिला एकच माहीत होतं. डावखुरी होती, लहानपणी दुसऱ्या हाताने जेव म्हणून थोरलीनेच तिला धपाटे घातले होते. थोरलीने गुंडीचा उजवा पाय धरून पाहिला. त्याने तो हिसकावून घेतला आणि पुन्हा डावा पुढे केला. एका आंघोळीत लागणारी सवय नव्हती ती. मग तो पाइपाच्या टोकाकडे बघू लागला. हुंगलं, पुन्हा बघितलं. तो काहीतरी शोधत होता, आणि काय शोधतोय ते थोरलीला कळलं. तिच्या पायाखालची वाळूच सरकली. तो मोजा शोधत होता.

पण माशांचा वास तसाच ठेवून कसं चालेल? काम ते काम. तिने नळ सोडला. उघडी धार दिसताच गुंडीने तिच्याकडे असं पाहिलं, जसा काही जन्मभराचा दगा तिनेच दिला असावा, आणि तिच्या तळहातात दात रुतवले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

धाकटी कॅन घेऊन आली तेव्हा शिंपी निघून गेला होता आणि थोरली हाताला पट्टी गुंडाळत बसली होती.

"हे काय झालं, ताई?"

"गुंडी चावला."

"गुंडी? पण तो तर आता..." धाकटीने जीभ चावली.

"बोल ना. आता चावत नाही?" थोरलीने पट्टीची गाठ दातांनी ओढली. "शिवण कसं काय चाललंय तुझं?"

धाकटी उपड्या बादलीवर बसली. बराच वेळ ती कॅनचं झाकण उघडत आणि लावत राहिली. "मी सांगणारच होते," ती शेवटी म्हणाली. "शिंप्याच्या दुकानामागची खोली घेतलीय. टब बसवलाय. पुढच्या महिन्यात सुरू करतेय."

"मला कधी सांगणार होतीस? पेढे वाटताना?"

"इथे मी टॉवेल धरते, ताई. टॉवेल धरता धरता म्हातारी होईन मी. मोज्याचं सुचवलं, तर तू चारचौघांत हसलीस."

"मग भांडायचंस माझ्याशी!"

"तुझ्याशी? तुला एकदम सांगितलं असतं तर तू चावली असतीस. म्हटलं, हळूहळू करू. तुला फार लागणार नाही असं."

"म्हणजे मलाही मोजा बांधलास."

धाकटीने कॅनचं झाकण घट्ट पिळून बंद केलं.

"आणि गुंडीची भीती वाटायची ना तुला?"

"वाटायची. तिथे पहिल्यांदा डोळे मिटूनच हात लावला. मग गेली भीती."

'तिथे गेली.' हे थोरलीला त्या दातांहून जास्त लागलं. इथे प्रत्येक वेळी आपण मध्ये पडलो, हिच्या वाटणीचे ओरखडे आपल्या हातांवर घेतले, आणि हिची भीती गेली ती परक्याच्या परसात. रोज केसांत हात घालून पोट भरणाऱ्या बाईचा गळा असा केसाने कापला जावा! वर 'तुला लागू नये म्हणून'. शेजारच्या खोलीचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते तिने गिळून टाकलं.

धाकटीने आत जाऊन चहा केला आणि कप तिच्यापुढे धरला.

"ठेव तिथे," थोरली म्हणाली.

धाकटीने हातातल्या कपाकडे पाहिलं, मग बहिणीकडे. तिने कप हळूच कट्ट्यावर ठेवला, मागच्या खोलीतून आपली पिशवी उचलली आणि दारात थांबून म्हणाली, "मी परवा येते."

थोरलीचा संताप मस्तकाला गेला. परवा! म्हणजे कुठल्या कुत्र्याच्या पंगतीला आपल्याला बसवायचं, हेसुद्धा हिने ठरवून टाकलंय. तिसऱ्या दिवशी खाईल, तोवर हात पुढे करू नका. मास्तरीणबाईंना शिकवलेली ही विद्या, पुन्हा आपलीच.

पण खरं सांगायचं, तर परवाचा दिवस उजाडला तशी ती दाराकडे बघू लागली. नवरदेवाला तिने टबातून लवकर हाकललं, लादी दोनदा पुसली, चहाला आधण ठेवलं. राग गेला नव्हता. घर मात्र खायला उठलं होतं. ती आली आणि चुकलं म्हणाली, तर खोली तिची तिने खुशाल चालवावी, रोज जेवायला इथे यावं, इथपर्यंत थोरली स्वतःशीच खाली उतरली होती.

धाकटी आली. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. "घे," ती म्हणाली. "म्हटलं होतं ना, पहिला तुझाच शिवीन."

अ‍ॅप्रन होता. निळा, जाड कापडाचा, खिशांचा. थोरलीचा हात आपोआप पुढे झाला. तिने तो उलगडला, खालची कड बोटांतून ओढली, खिसा उलटा करून पाहिला. मग बंदांची टोकं पाहिली. दुहेरी शिलाई, कोपऱ्यांत टाके पक्के केलेले, सगळं पट्टी लावून आखावं तसं सरळ, मुरलेल्या शिंप्याच्या हातचं असावं तसं.

"तूच शिवलास?"

"मग? मीच!" धाकटी हसली. "बघ, कुठे वाकडा झालाय का?"

थोरली कापड खाली-वर करत राहिली. चुलीवरचं आधण उकळून आटत होतं, तरी ती उठली नाही. पुन्हा एकदा तिने सगळ्या शिवणी नखाने चाचपून पाहिल्या. एक टाका जरी वाकडा सापडला असता, तरी तिने तो अ‍ॅप्रन तिथल्या तिथे अंगात घातला असता.