विक्री शून्य

परभणीत वसमत रस्त्यावरच्या एका गाळ्यातून सोमेश्वरचं ऑनलाइन दुकान चालायचं. आजारी, अंथरुणाला खिळलेल्या माणसांना लागणाऱ्या वस्तू तो घरपोच पाठवायचा. पुढच्या महिन्यात कुठली वस्तू किती खपेल, हा अंदाज तिथं कामाला असलेली अनुपमा काढायची. मागच्या विक्रीचे आकडे संगणकात घालायचे आणि येईल त्या अंदाजाप्रमाणे माल मागवायचा. तिचा हात या कामात बसला होता.

दिवाळी सरली आणि पूर्णेहून एका म्हातारीचा फोन आला.

“बाई, ती पोटाला लावायची पिशवी कधी यायची? जावई रोज मोबाईलवर बघायलाय. माल न्हाई, असंच येतंय.”

ही कुसुमबाई. तिचा नवरा सूर्यभान रेल्वेतून निवृत्त झालेला. आतड्याच्या ऑपरेशनानंतर डॉक्टरांनी त्याच्या पोटातूनच मळाला वाट काढून दिली होती. तिथं पिशवी चिकटवावी लागायची.

अनुपमानं आकडे उघडले. त्याला लागणाऱ्या मापाच्या पिशवीची विक्री पावसाळ्यापासून शून्य होती. संगणकानं पुढची मागणीही शून्य धरली आणि तिनं माल मागवलाच नव्हता. मग तिनं साठा पाहिला. विक्री थांबली तेव्हाच साठाही संपला होता. लोकांनी घेणं सोडलं नव्हतं, घ्यायला काही उरलं नव्हतं.

“चार-दोन गिऱ्हाइकांची वस्तू,” सोमेश्वर म्हणाला. “घेतली असंल दुसरीकडून.”

“पूर्णेत कुठून घेतील, दादा?”

तिनं हैदराबादहून खोकं मागवलं आणि ते घेऊन स्वतःच पूर्णेची गाडी धरली.

सूर्यभान भिंतीकडं तोंड करून पडला होता. दुधाच्या धुतलेल्या पिशव्या पोटाला चिकटपट्टीनं लावून कातडी सोलून निघाली होती. खोलीत उदबत्ती जळत होती, तरी वास लपत नव्हता.

“ह्यांनी विहारात जायचं सोडलं,” कुसुमबाई म्हणाली. “मग जेवण तोडलं. खाल्लंच न्हाई तर पिशवी भरत न्हाई, म्हणतेत.”

“चूक माझी आहे, काका,” अनुपमा कशीबशी म्हणाली. “मीच माल मागवला नाही.”

“तुला काय ठाऊक पोरी, हितं कोण पडलंय ते,” सूर्यभान म्हणाला.

“का ठाऊक न्हाई?” कुसुमबाईचा आवाज चढला नाही. “दर महिन्याला घेत व्हतो की आमी.”

अनुपमानं खोकं उघडून पिशवी पुढं केली. कुसुमबाईनं नवी पिशवी लावली, हात धुतले आणि वरणात भाकरी कुस्करून आणली. सूर्यभाननं दोन घास घेतले आणि ताटली सारली.

“आता जात न्हाई,” तो म्हणाला.

परत आल्यावर अनुपमानं साठा नसलेले सगळे दिवस विक्रीच्या आकड्यांतून वेगळे काढले. अंदाज नव्यानं काढला, माल मागवला. सोमेश्वरनं मंजुरी दिली.

संक्रांतीच्या आधी सूर्यभान गेला. जावयानं फोनवर सांगितलं. शेवटी पाणीसुद्धा नको म्हणायचे, असं तो म्हणाला. अनुपमाला कुसुमबाईशी बोलायचं होतं.

“त्या न्हाई बोलायच्या,” जावई म्हणाला, आणि त्यानं फोन ठेवला.

ती पिशवी घेणारी आणखी माणसं होती. अनुपमानं त्यांचे नंबर काढले. पाथरीच्या गिऱ्हाइकाच्या नंबरावर रिंग वाजत राहिली. कुणी फोन उचलण्याची ती वाट पाहत होती, आणि कुणी उचलूच नये असंही तिला वाटत होतं.