आठाला जागा नसलेली पाटी

मी पाटी बोलतेय. पिंपळीत ठमाबाईंच्या डाळिंबाच्या शेडमध्ये दाराशेजारी लटकते. येणारा-जाणारा माझ्यासमोरूनच जातो, त्यामुळं कुणाच्या घरी काय चाललंय हे मला विचारावं लागत नाही. कळतंच.

मूळची मी दगडाची, लाकडी चौकटीची. ठमाबाईंचा संभाजी पहिलीत गेला तेव्हा त्यांनी मला बारामतीच्या बाजारातून आणलं. पहिले आकडे त्यानं माझ्यावरच गिरवले, थुंकी लावून पुसले. वह्या आल्या तशी मी अडगळीत पडले. पुढं डाळिंबाची बाग धरली, तेव्हा ठमाबाईंनी मला धुऊन शेडमध्ये टांगलं.

त्यांची शाळा दुसरीपर्यंतच. पण मोजणी पक्की. खोक्यात डाळिंबं आठच बसतात. आठ खोक्यांची एक थप्पी. माझ्यावर घरं तीन: थप्पी, खोकी, सुटी. सुटी आठ झाली की खोकं, खोकी आठ झाली की थप्पी. त्यामुळं माझ्यावर साताच्या पुढचा आकडा कधी येत नाही.

पहिल्या तोड्यातली डाळिंबं गावच्या शाळेला जातात. पहिली ते सातवी, सातही वर्गांना सारखी. अकरा वर्षं इथं खोकी भरणाऱ्या नकोशीनं यंदा ती मोजून क्रेटमध्ये ओतली आणि माझ्यावर लिहिलं: १ २ ४.

संभाजी लोणी देवकरच्या कंपनीतली नोकरी सोडून नुकताच बागेत आलेला. त्यानं क्रेटमधली एकेक मोजली. चौऱ्याऐंशी.

"नकोशे, पाटीवर एकशे चोवीस हायती. चाळीस डाळिंबं कुठं गेली?"

"एकशे चोवीस कुठली, दादा? एक थप्पी, दोन खोकी..."

"थप्पीबिप्पी ऱ्हाऊ दे. चाळिसाचं बोल!"

नकोशीनं कमरेची शेडची किल्ली काढली आणि माझ्याच खिळ्याला अडकवली. "चोर म्हणवून घेऊन मी हितं ऱ्हायची न्हाय."

खरं माझ्या अंगावर लिहिलेलं, पण मला कुठं बोलता येतंय त्यांच्याशी?

एवढ्यात ठमाबाई बागेतून आल्या. सगळं ऐकून घेतलं. "संभा, क्रेट रिकामं कर. भर खोकी."

त्यानं भरली. आठ खोक्यांची थप्पी लागली. शेजारी दोन खोकी. उरली चार.

संभाजीनं माझ्यावरचे तिन्ही आकडे घराघरानं पुन्हा वाचले. मग हळूच म्हणाला, "पण सात वर्गांना सारखी व्हत्यात का?"

"एक, दोन, चार. बेरीज सात. व्हत्यात."

"ते कसं?"

"एक खोकं सात वर्गांत वाट, एक उरतं. अख्खी थप्पी वाट, तरी एकच उरतं. मग थप्पीचं एक, खोक्यांची दोन अन् ही सुटी चार. झाली सात, वर्गाला एकेक. कळलं का, कंपनीवालं सायब?"

त्यानं मोबाईलवर भागून बघितलं. वर्गाला बारा. मग किल्ली काढून नकोशीपुढं धरली. "चुकलं माझं, ताई."

तिनं किल्ली घेतली. पुन्हा कमरेला खोचली.

आता माझा एक कोपरा उडालाय, चौकट खिळखिळी झालीय. मागणं एवढंच, माझ्यावरचं वाचून कुणाला बोल लावण्याआधी लिहिणाऱ्याला विचारा.

काल संभाजी स्वतः मोजायला बसला आणि त्यानं सुटीच्या घरात ८ लिहिला.

नकोशी हसली. "दादा, आठ झाल्यावर सुटी कशी म्हणायची? खोकं भरा की."

त्यानं शेजारच्या घरात एक वाढवला आणि ८ पुसून शून्य काढलं. थुंकी लावूनच पुसला. पहिलीत पुसायचा तसा.