चालेल

तिने विमानाच्या उघड्या दाराबाहेरच्या पायरीवर डावं पाऊल ठेवलं. वाऱ्याने गाल थरथरू लागले. मास्तरांनी तिच्या कानाशी तोंड आणून विचारलं, "उडी मारायची?"

"चालेल," ती म्हणाली.

मास्तरांनी तिचा दंड धरून तिला आत ओढलं आणि दार लावून घेतलं. बरोबरचे दोघे शिकाऊ आधीच उड्या मारून मोकळे झाले होते. ती मात्र जशी वर गेली तशीच विमानात बसून खाली आली, बाजार बंद म्हणून रिकाम्या परतलेल्या पिशवीसारखी.

खाली उतरल्यावर तिने जाब विचारला. पाय पायरीवर होता, पाठीवरची हवाई छत्री तर विमानाला बांधलेल्या पट्ट्याने आपसूक उघडणार होती, मग अडलं कुठे? मास्तर जाडजूड, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी आधी हातमोजे काढले.

"काकू, चालेल म्हणजे तुमची हरकत नाही. नुसती हरकत नसलेल्या माणसाला मी सोडत नाही. हवंय म्हणेल त्यालाच सोडतो."

तिला राग आला, पण मास्तरांचा नव्हे. घर कुठे घ्यायचं, भिंतींना रंग कुठला, औषधाच्या दुकानातली चांगली नोकरी सोडायची का, सगळ्याला तिचं एकच उत्तर होतं. चहा की कॉफी, असं विचारलं तरी ती चालेल म्हणायची. ही उडी तेवढी तिने कुणाला न विचारता ठरवली होती. शिकवणी सुरू झाल्यावर नवऱ्याला कळलं. आज तो तिला सोडायला आला होता, म्हणजे खरं तर परत न्यायला.

गाडीला टेकून उभ्या नवऱ्याचा चेहरा तिला बघून खुलला.

"फिटली ना हौस? मला ठाऊकच होतं, तुला नाही जमायचं."

मास्तरांनी सांगितलं की वारा वाढायच्या आत शेवटची एक फेरी होईल. पण काकू पुन्हा दारात अडल्या तर यापुढे त्यांना विमानात घेणार नाही.

"उगाच कशाला त्यांचा खोळंबा?" नवरा समजुतीने म्हणाला. "घरी जाऊ. चालेल ना?"

तो शब्द ओठांवर आलाच होता. तिने खालचा ओठ दातांखाली दाबून धरला.

"मला उडी मारायचीय," ती म्हणाली. आवाज चिरकला, म्हणून तिने पुन्हा म्हटलं. "मला उडी मारायचीय. तुम्ही थांबा, नाहीतर जा."

नवरा बघतच राहिला. तो रागावला होता, त्याहून जास्त घाबरला होता. तिला त्याची दया आली. तरी पट्टे आवळणारे तिचे हात काही थांबले नाहीत.

वर दारापाशी मास्तरांनी विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती "मारायची!" म्हणून ओरडली आणि गेली. खांद्यांना हिसका बसला, मग सगळं एकदम शांत झालं. खाली शेतं होती, तळं होतं. दोरी ओढून ती डावीकडे वळली, मग उगाचच उजवीकडे. कुणी का म्हणून विचारणारं नव्हतं. ती मोठ्याने हसली.

उतरायचं मैदान हुकलं. ती शेजारच्या नांगरलेल्या शेतात बुडावर आपटली, तोंडात माती गेली. नवरा ढेकळांतून धडपडत पळत आला. त्याने तिला उठवलं, लागलं का म्हणून दोनदा विचारलं. मग छत्रीच्या कापडाचं एक टोक हातात धरून नुसताच उभा राहिला.

"वरून आपलं घर दिसत असेल ना?" अखेर तो म्हणाला.

ती दोऱ्या गोळा करत होती.

"असेल," ती म्हणाली. "मी बघितलंच नाही तिकडे."